घड्याळबाईंचे एकतीस सेकंद

पडदा बाजूला होतो आणि दिसते ती एक खोली. मधोमध लोखंडी खाट. खाटेच्या डोक्याशी ऑक्सिजनचा नळ, शेजारी घशातली लाळ ओढून घेणारं यंत्र, ट्रेमध्ये भरून ठेवलेलं एक इंजेक्शन. समोरच्या भिंतीवर, अगदी छताला टेकलेला कॅमेरा, कधी न मिटणाऱ्या डोळ्यासारखा. खाटेवर चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी आडवी झालेली. तिच्या डोक्याला पांढरं बँडेज, आणि त्यातून निघालेल्या वीस-बावीस रंगीत तारा वेणीसारख्या एकत्र बांधून मागे सोडलेल्या. खुर्चीत तिची आई बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. वेळ दुपारी दीडची.

आणि आता प्रवेश. दार उघडतं, सिस्टर आत येतात आणि उंबऱ्यावरच थबकतात. छप्पन्न वर्षांच्या, बुटक्या, भरल्या अंगाच्या, केस इतके घट्ट बांधलेले की भुवयासुद्धा जरा वर ओढल्यासारख्या. छातीवर एक जुनं घड्याळ उलटं टाचलेलं. मान खाली घातली की त्यांना सुलटं दिसेल असं. त्या घड्याळामुळे सगळा वॉर्ड त्यांना घड्याळबाई म्हणायचा. समोर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतपत मागे.

त्या थबकल्या, कारण खाटेचे कठडे उघडे पडले होते. त्यांच्यावरच्या गाद्या नाहीशा झाल्या होत्या.

गाद्या कसल्या, जुन्या ब्लँकेटांच्या घड्या घालून वर रेक्झीन शिवलेलं. चारही घड्याळबाईंनी घरी बसून, सुट्टीच्या दिवशी, बोटाला सुई टोचून घेत शिवल्या होत्या. फिट आलेल्या माणसाचं डोकं, कोपर, घोटा लोखंडावर आपटू नये म्हणून. विकतच्या गाद्यांसाठी त्यांनी सहा अर्ज केले होते आणि सहाही अर्ज कुठल्या तरी कपाटात सुखाने नांदत होते. आज मात्र तपासणी समिती येणार होती, म्हणून मेट्रनबाईंनी सकाळीच फर्मान काढलं होतं की घरगुती दिसणारं काहीही नजरेला पडता कामा नये. गाद्या स्टोअरमध्ये गेल्या. स्टोअरला कुलूप लागलं. किल्ली ज्याच्याकडे होती तो समितीच्या चहापाण्यात अडकला होता.

घड्याळबाईंनी कठड्यावरून बोट फिरवलं. मग त्या आईकडे वळून म्हणाल्या की दोन मिनिटांत उशा घेऊन येते, हिला झोपू देऊ नका. आईने मान डोलावली. पण मुलगी आधीच झोपली होती.

या वॉर्डाचं काम जगावेगळं. बाकी सगळीकडे माणसाला फिट येऊ नये म्हणून धडपडतात, इथे ती यावी म्हणून वाट पाहायची. गोळ्या निम्म्या करायच्या, डोक्याला तारा लावायच्या, कॅमेरा चालू ठेवायचा आणि बसून राहायचं. नकोशा पाहुण्याला स्वतःहून बोलावून तो कुठल्या दाराने घरात शिरतो ते बघण्यासारखं. ते दार सापडलं तर औषध नेमकं देता येतं, कधी कधी ऑपरेशनही करता येतं. आणि हे सगळं नीट पार पडणार की नाही ते नर्सवर अवलंबून. घंटा वाजली की धावायचं. आधी घड्याळ बघायचं. अंगावरची चादर ओढून टाकायची, म्हणजे हातपाय कॅमेऱ्याला दिसतात. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. नाव विचारायचं, एक शब्द सांगायचा आणि तो लक्षात ठेवायला सांगायचं. शांत झालं की कुशीवर वळवायचं. आणि काहीही झालं तरी खाट आणि कॅमेरा यांच्या मधे उभं राहायचं नाही. वीस वर्षं प्रत्येक नव्या पोरीला घड्याळबाई हेच शिकवत आल्या होत्या: प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही.

ही ताकीद त्यांच्या बापाची. बाप एका फिरत्या नाटक कंपनीत पडदा ओढायचा. छातीवरचं घड्याळही त्याचंच; अंक किती मिनिटांचा झाला ते तो त्यावर बघायचा. घड्याळबाईंचं लहानपण विंगेत, दोरांच्या वेटोळ्यांवर बसून गेलं. रंगाचा वास, खिळ्यांना अडकलेले कपडे, आणि पडद्याच्या फटीतून दिसणारी उजेडाची एक पट्टी. एकच नाटक त्यांनी ऐंशी-ऐंशी वेळा पाहिलं होतं, तेही बाजूने. कंपनीत एक नटी होती, हिला जवळ घेऊन गोळ्या-बिस्किटं देणारी. तिला ही मावशी म्हणायची. एका प्रयोगात मावशी ऐन प्रवेशात कोसळली आणि तडफडू लागली. लोकांना वाटलं, काय जीव ओतलाय. टाळ्यांवर टाळ्या पडल्या. बापाने पडदा ओढला. आत चार बाप्यांनी तिला जमिनीला खिळवून धरलं, त्यात तिचा खांदा निखळला. पडद्याबाहेर टाळ्या चालूच होत्या. पुढल्या गावाला कंपनी गेली ती मावशीला मागे सोडून. आठ वर्षांच्या मुलीच्या पोटात तेव्हा जो राग पेटला, तो पुढे पांढऱ्या कपड्यांतही तसाच धुमसत राहिला.

तर, उशा काखेत मारून घड्याळबाई परत आल्या आणि त्याच क्षणी झोपेतल्या मुलीचा डावा हात ताठ होऊन वर गेला.

पुढचं त्यांनी केलं नाही, त्यांच्या अंगाने केलं. मुलीची मान डावीकडे वळली, आणि डावीकडे चार बोटांवर उघडा लोखंडी कठडा होता. घड्याळबाईंनी उशा टाकल्या, झेप घेतली, आपला दंड कठडा आणि डोकं यांच्या मधे घातला आणि दुसऱ्या हाताने तिचा खांदा धरून ठेवला. मुलगी किंचाळली, सायकल मारावी तसे पाय झाडू लागली. घड्याळबाईंचा दंड कठड्यावर चेचला गेला. तरीही त्यांनी घड्याळाकडे बघितलं, नाव विचारलं, आणि छत्री हा शब्द लक्षात ठेवायला सांगितला. एकतीस सेकंदांनी सगळं थांबलं. डोक्याला ओरखडासुद्धा नव्हता.

आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या कॅमेऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

चार वाजता शेजारच्या खोलीत मोठ्या डॉक्टरांनी ते चित्रण लावलं. मोठे डॉक्टर माणूस वाईट नव्हता. हुशार होता, आणि त्या हुशारीला सतत गाडी पकडायची असायची. भोवती पाच-सहा शिकाऊ डॉक्टर. कोपऱ्यात तारवाला, म्हणजे तारा लावणारा आणि रेघांचा आलेख सांभाळणारा तंत्रज्ञ. दाराशी घड्याळबाई. पडद्यावर एकतीस सेकंद घड्याळबाईंची पाठ दिसली. खालून दोन तळवे वर-खाली होत होते आणि किंचाळी ऐकू येत होती. आलेखाचं तर विचारूच नका. खांदा धरला त्या धक्क्यांनी तारा हलल्या होत्या, आणि शाईत पाय बुडवून कोंबडी नाचावी तशा रेघा उमटल्या होत्या. एक शिकाऊ खुदकन हसला. मोठे डॉक्टरही हसले, म्हणाले, "वीस वर्षांचा अनुभव सिस्टरांचा. पाठ मात्र छान आली आहे."

मग त्यांनी निकाल दिला. मुलगी ओरडते, सायकल चालवते, संपताक्षणी उठून बोलते, वर सांगितलेला शब्दही सांगते. शुद्ध गेलीच नाही. आलेखात काही सापडत नाही. "नाटक आहे," ते म्हणाले. गोळ्या बंद, उद्या सकाळी घरी, खाटेवर दुसरा पेशंट.

घड्याळबाईंचा दंड ठणकत होता. त्यापेक्षा जास्त तो शब्द ठणकला. मनाच्या दुखण्यातून फिट्स येणारी माणसंही त्यांनी या वॉर्डात सांभाळली होती. तीसुद्धा खोटं बोलत नाहीत, त्यांनाही तो झटका आवरता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुणालाच लागू नसलेला हा शब्द या इमारतीत सगळ्यांच्या जिभेवर मात्र होता. आणि विंगेत वाढलेल्या बाईच्या तोंडावर तो फेकायचा म्हणजे कमालच होती.

शिकाऊ पांगल्यावर त्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी खिशातली वही काढली. परवा तारा लावायच्या आधी मुलगी बाकावर पेंगत असताना तिला अशीच फिट आली होती, ते त्यात लिहिलेलं होतं. आधी डावा हात, मग मान डावीकडे, मग किंचाळी, मग पाय. एकतीस सेकंद. आज? डावा हात, मान, किंचाळी, पाय. एकतीस सेकंद.

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर, मी एक नट ऐंशी वेळा मरताना पाहिलाय. ऐंशी वेळा वेगळा मेला. कधी हात आधी पडायचा, कधी डोकं, कधी खोकला आला म्हणून उशिरा मरायचा. नाटक करणाऱ्याला सेकंदाला सेकंद तेच जमत नाही. हे जमतंय, म्हणजे ती करत नाहीये. तिच्याकडून होतंय."

डॉक्टर म्हणाले की आपण नर्स आहात आणि हे शास्त्र आहे. एक घटना वहीत, दुसरीत आपली पाठ. यावर ते काय लिहिणार? एवढं मात्र खरं होतं. घड्याळबाई म्हणाल्या, उद्या दुपारी चारपर्यंत खाट राहू द्या. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्या छातीवरच्या. "चार म्हणजे चार," ते म्हणाले.

खोलीत परतल्या तेव्हा मुलीला सगळं कळलेलं होतं. दार अर्धवट उघडं असलं की त्या इमारतीत काहीच लपत नसे. ती कपड्याच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवायची. तिथल्या मुकादमाने बजावलं होतं की हा आजार आहे असा कागद आण, नाहीतर येऊ नकोस. आधीच्या दोन दवाखान्यांनी कागद दिले होते, पण दोन्हींवर उलटंच लिहिलेलं. आता गोळ्याही बंद होणार होत्या. गोळ्यांशिवाय झोपेत सात-सात फिट्स येतात, हे तिची आई बोटं मोजून सांगत होती. म्हणून ती रोज हिचे हात ओढणीने खाटेला बांधून ठेवते, हेही तिने सांगितलं, आणि जरा अभिमानानेच. घड्याळबाईंनी मुलीची मनगटं उलटी करून पाहिली. दोन्हींवर तपकिरी कडी उमटलेली होती, बांगड्यांसारखी.

आईवर ओरडायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मुलगीच बोलली, छताकडे बघत.

"सिस्टर, मला ते सगळं चालू असताना ऐकू येतं. हात आवरत नाही, ओरडणं आवरत नाही, पण ऐकू येतं. कारखान्यात सगळ्याजणी हसतात ते ऐकू येतं. आई देवाला काय काय बोलते ते ऐकू येतं. तुम्ही छत्री म्हणालात, तेही ऐकलं."

आईने पदर तोंडात कोंबला. घड्याळबाई तडक स्टोअरकडे गेल्या. किल्लीवाला म्हणाला की मेट्रनबाईंच्या सहीशिवाय कुलूप उघडायचं नाही. मेट्रनबाई म्हणाल्या की समिती अजून जिन्यावर आहे, जरा धीर धरा. घड्याळबाईंनी बाही वर करून हिरवा-निळा झालेला दंड दाखवला आणि विचारलं, समितीला हा दाखवू की गाद्या? किल्ली आली. चारही गाद्या त्यांनी स्वतःच्या हाताने कठड्यांना बांधल्या, आणि गाठी अशा मारल्या की सोडवायला सुरीच लागावी.

ती रात्र मुलीला जागं ठेवण्यात गेली. झोप तुटली की फिट लवकर येते. आईने तिला सगळ्या नातेवाइकांच्या उखाळ्यापाखाळ्या ऐकवल्या आणि त्या रात्रभर पुरल्या, असं रात्रपाळीच्या सिस्टरने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता घड्याळबाईंनी खोलीतले दिवे तसेच ठेवून मुलीला झोपायला सांगितलं. चादर आधीच पायथ्याशी सारली. मग आईला समोर बसवलं आणि नीट समजावलं की आज कुणीही हिला हात लावणार नाही, मीसुद्धा नाही. धरलं की तारा हलतात, रेघा बिघडतात, आणि मग ही पुन्हा खोटी ठरते. जिवाला धोका वाटला तर मी आहे, इंजेक्शन आहे, ऑक्सिजन आहे. आईने सगळं ऐकून घेतलं, हो हो म्हणाली. पोर तडफडत असताना हो हो कितपत टिकतं, ते घड्याळबाईंना माहीत होतं.

दोनला दहा मिनिटं असताना डावा हात वर गेला.

घड्याळबाई खाटेच्या डोक्याशी, बाजूला उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवले. मान वळली. डोकं गादीवर आपटलं, रेक्झीनचा मऊ आवाज आला. किंचाळी. पाय. त्या मोठ्याने सेकंद मोजत होत्या, मधेच नाव विचारत होत्या. आज शब्द दिला कंदील. जे हात वीस वर्षं धावत आले होते, ते पाठीमागे एकमेकांची बोटं मोडून टाकतील असे आवळले गेले होते.

आई खुर्चीतून उठली. "धरा तिला," ती म्हणाली. मग ओरडून म्हणाली. मग पुढे झेपावली. घड्याळबाई हात न सोडता नुसत्या अंगाने आडव्या झाल्या, आणि तेही कॅमेऱ्याची बाजू सोडून. आईने त्यांना ढकललं. त्या हलल्या नाहीत. तेव्हा आईने सणसणीत थोबाडीत मारली. केसांतली पिन उडून फरशीवर वाजली. घड्याळबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मोजणं थांबलं नाही: सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस.

पाय थांबले. मग मात्र ते हात सुटले. त्यांनी मुलीला कुशीवर वळवलं, ओठांच्या कडेची लाळ पुसली, श्वास पाहिला, जिभेला इजा नाही ना ते पाहिलं. "कंदील," मुलगी डोळे मिटूनच पुटपुटली, आणि पुन्हा झोपली.

तीन वाजेपर्यंत आणखी दोन फिट्स आल्या. हात, मान, किंचाळी, पाय. एकतीस. एकतीस. त्या दोन्ही वेळी आई भिंतीला चिकटून, डोळे गच्च मिटून उभी होती. तिसरी संपल्यावर तारवाला शेजारच्या खोलीतून धावतच आला. किंचाळीच्या आधी, हात वर जाण्याच्या क्षणी, दोन सेकंद रेघ स्वच्छ मिळाली होती. कुणी धरलं नव्हतं, म्हणून मिळाली होती. आणि त्या दोन सेकंदांत मेंदूच्या उजव्या बाजूला, कपाळामागे, एक नेमकी लय उमटत होती. तीनही वेळा तीच.

मोठे डॉक्टर पावणेचारला आले. तीनही चित्रणं त्यांनी शेजारी शेजारी लावून एकदम चालवली. तीन मुलींनी एकाच वेळी हात वर केला, एकाच वेळी मान वळवली, एकाच वेळी पाय थांबवले. कालचा हसणारा शिकाऊ आज हसला नाही. डॉक्टर म्हणाले, इंटरेस्टिंग केस आहे, फिट कपाळामागून सुरू होतेय, अशी फिट फसवते. कालचा घरी सोडायचा कागद त्यांनी फाडला, गोळ्या पुन्हा चालू केल्या, ऑपरेशनच्या तपासण्या लिहिल्या. पेन खिशाला लावून ते निघाले.

घड्याळबाई दारात उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या नाहीत.

"काल जे म्हणालात ते तिने ऐकलंय, सर. आजचंही तिच्यासमोर जाऊन म्हणा."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. शिकाऊ बुटांकडे बघत होते. तारवाला तारा गुंडाळत होता, गुंडाळलेल्याच पुन्हा गुंडाळत होता. मग मोठे डॉक्टर खरंच त्या खोलीत गेले. खाटेजवळ उभे राहिले आणि जरा अवघडून म्हणाले की हा आजार आहे, तू काही मुद्दाम करत नव्हतीस, माझं चुकलं. मुकादमासाठी कागद देतो असंही म्हणाले. मुलीने विचारलं, कागदावर मोठ्या अक्षरात लिहाल का, त्याला चष्मा लागतो. डॉक्टर हो म्हणाले.

ते गेल्यावर खोलीत आई उरली. तिने फरशीवरची पिन शोधून पदराने पुसली आणि घड्याळबाईंच्या हातात दिली. त्यांच्या गालावर अजून चार बोटं दिसत होती. ती म्हणाली, मी मारलं तुम्हाला, मला क्षमा करा, माझा तोल गेला.

आयुष्यभर धुमसलेल्या त्या बाईचा राग एवढ्यावर निवला असं कुणाला वाटत असेल, तर त्याने घड्याळबाईंना पाहिलेलंच नाही. त्या मुलीच्या मनगटांकडे बघत होत्या, तपकिरी कड्यांकडे. पिशवीतून डोकावणारी ओढणी त्यांनी सावकाश ओढून काढली, घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातली. मग केसांत पिन खोचली, आणि छातीवरचं बापाचं घड्याळ काढून आईच्या तळहातावर ठेवलं. आईची बोटं त्याच्यावर मिटवली.

"माफी राहू द्या," त्या म्हणाल्या. "घरी फिट आली की एका हातात हे धरा आणि दुसरा पाठीमागे. पाच मिनिटांवर गेली तर गाडी बोलवा. आणि पुन्हा हिला बांधलेली दिसली ना, तर थोबाडीत मारायची पाळी माझी."